म्योल्नीर उचलणारी जेन फॉस्टर

पुरुष नायकाच्या जागी स्त्री आणली की कथा बिघडते, अशी तक्रार चित्रकथांच्या रसिकांत वारंवार ऐकू येते. परंतु लेखक जेसन आरन आणि चित्रकार रसेल डॉटरमन यांनी २०१४ साली मार्व्हलच्या ‘थॉर’ मालिकेत जे घडविले, ते वाचल्यावर ही तक्रार सरसकट दाखल करून घेणे कठीण जाते.

गुप्तहेर निक फ्युरीने कानात उच्चारलेल्या शब्दांनी खचलेला आणि म्हणून म्योल्नीर हा आपला हातोडा उचलण्यास अपात्र ठरलेला ओडिनपुत्र थॉर चंद्रावर हतबल होऊन बसतो, आणि तोच हातोडा एक अनोळखी स्त्री लीलया उचलते. १९६२ साली, थॉरचे मानवी रूप असलेल्या डॉक्टर ब्लेकच्या दवाखान्यातील परिचारिका म्हणून अवतरलेली जेन फॉस्टर ती हीच, हे रहस्य आठव्या अंकापर्यंत राखलेले आहे.

जेनला स्तनाचा कर्करोग झालेला आहे. हातोडा हाती येताच तिच्या देहातील सर्व विषे धुऊन निघतात, त्यांतच केमोथेरपीची औषधेही जातात, कर्करोग मात्र शाबूत राहतो. म्हणजे इतरांच्या रक्षणार्थ घेतलेला प्रत्येक अवतार तिला मृत्यूच्या निकट नेतो, आणि हे पुरते जाणूनही ती हातोडा उचलतेच.

मार्व्हलच्याच ‘व्हॉट इफ’ मालिकेच्या १९७८ सालच्या दहाव्या अंकातही जेनच्या हाती हातोडा आला होता, पण केवळ कल्पनाविलास म्हणून. ज्यांनी २०२२ चा थॉरवरील चित्रपट तेवढा पाहिला आहे, त्यांनी २०१४ च्या पहिल्या अंकापासून आरंभ करून तिच्या पुढच्या ‘द मायटी थॉर’ मालिकेच्या ७०५व्या अंकापर्यंत अवश्य वाचावे.