कुत्रा ओढतो, आपण धावतो

कुत्र्याला फिरवताना बहुतेकांचा जीव साखळी मागे खेचण्यातच जातो. कॅनिक्रॉसमध्ये मात्र कुत्र्याने पुढे राहून ओढायचं आणि माणसाने त्या ओढीवर धावायचं. बर्फगाडीच्या कुत्र्यांचा बिनबर्फाच्या महिन्यांतला सराव म्हणून युरोपात हा खेळ रुजला. माणसाच्या कमरेला रुंद पट्टा, कुत्र्याच्या छातीला हार्नेस, मध्ये दोनेक मीटरची ताणणारी दोरी. गळपट्टा नको. त्याने ओढताना कुत्र्याच्या डोळ्यांतला दाब वाढतो, हार्नेसने वाढत नाही, हे मोजून पाहिलेलं आहे.

ताकदीचा प्रश्न नाहीच. अलास्कातल्या इडिटारॉड शर्यतीत कुत्रे सुमारे 1600 किलोमीटर गाडी ओढतात. पण तिथे बर्फ असतो आणि आपल्याकडे नागपूरचं ऊन. धावताना स्नायूंत खर्ची पडणाऱ्या ऊर्जेतली बरीचशी उष्णता होते. ती घामावाटे घालवण्याची सोय कुत्र्याकडे जवळपास नाही. तेवढ्या कामाच्या घामग्रंथी फक्त पंजांच्या गाद्यांत असतात. सारी भिस्त धापेवर. जीभ आणि नाकातला ओलावा उडतो, तसं रक्त निवतं. हवा दमट असली की ओलावाही नीट उडत नाही. एरवी 38 ते 39 अंश असणारं शरीराचं तापमान दहाएक मिनिटांच्या जोरदार धावपळीनंतर धडधाकट लॅब्राडॉरमध्येही 41 च्या वर गेल्याच्या नोंदी आहेत.

नागपुरात 23 मे 2013 रोजी पारा 47.9 अंशांवर गेला होता. मार्च ते जून हा खेळ बंदच ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पावसाळ्यात गारवा असला तरी दमटपणा असतो. खरा हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, तोही पहाटेचा, आणि डांबरी रस्त्यापेक्षा शहराबाहेरच्या पांदणीवर.

हस्कीचे दुहेरी केस थंडीसाठी आहेत. पगचं आखूड नाक धापेलाच अडवतं. आखूड केसांचा, सडपातळ गावठी कुत्रा इथे जास्त योग्य. कारवान हाउंड चपळ आहे, पण ससा दिसला की दोरीसकट सुटेल. वर्षाच्या आतल्या पिल्लाला ओढायला लावू नये, त्याची हाडं अजून वाढत असतात. सुरुवातीला पशुवैद्यकाकडून हृदय आणि सांधे तपासून घ्यावेत.

धाप थांबेना, लाळ दाटली, पाय लटपटले, तर उष्माघाताची शंका घ्या. आधी अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला आणि मगच दवाखाना गाठा.