ऐंशी अँपिअरचा जमाखर्च

मुंबई ते कुर्ला या मार्गावर ३ फेब्रुवारी १९२५ रोजी हिंदुस्थानातील पहिली विजेची आगगाडी धावली ती १५०० व्होल्टच्या डीसी प्रवाहावर. आणि पुढे १९२९ साली ठाकुर्लीजवळ चोळे येथे जी. आय. पी. रेल्वेचे स्वतःचे वीजगृह सुरू झाले, तेव्हापासून क्षणाक्षणाला दिशा पालटणाऱ्या एसी प्रवाहास एकाच दिशेने चालावयास लावण्याची विद्या ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात अनेक कुटुंबांच्या उदरनिर्वाहाचे साधन झाली. उपकेंद्रांत हे काम आरंभी फिरत्या रोटरी कन्व्हर्टरांनी केले, मागाहून मर्क्युरी आर्क रेक्टिफायरांनी आणि अखेरीस सिलिकॉन डायोडांनी. एप्रिल २०१६ मध्ये हार्बर मार्गही २५,००० व्होल्टच्या एसीवर आला आणि उपनगरी वाहतुकीपुरता हा अध्याय संपला. परंतु उपकेंद्रांत उमेदीची वर्षे घालविलेल्या माणसांच्या हातांतली विद्या अद्याप शाबूत आहे.

डोंबिवली पूर्वेला तळमजल्यावरच्या एका खोलीत अशाच एका निवृत्त गृहस्थांनी, ज्यांना आम्ही सारे काका म्हणतो, पितळी कड्या-कोयंड्यांवर निकेलचा मुलामा चढविण्यासाठी फार वर्षांपूर्वी स्वतः बांधलेला रेक्टिफायर या उन्हाळ्यात पुन्हा उभा करावयास घेतला, आणि मदतनीस म्हणून मी त्यांच्याजवळ बसलो. मुलाम्याच्या द्रावणाला व्होल्ट थोडे लागतात, अँपिअर मात्र मुबलक. घरगुती २३० व्होल्टचे सुमारे दहा करून ८० अँपिअर सतत पुरवावे, एवढीच या यंत्राकडून अपेक्षा. जुन्या यंत्रात सेलेनियमचे पत्रे होते. वयोमानाने त्यांचा रोध वाढत जातो, ते तापू लागतात, आणि जळाले म्हणजे सडक्या मुळ्यासारखी जी दुर्गंधी सुटते ती विषारी असते. म्हणून सर्वप्रथम ते हातमोजे घालून उतरविले आणि बंद डब्यात ठेवले.

सेलेनियमच्या जागी सिलिकॉन बसविले की काम झाले, असे मानणारे पुष्कळ आहेत. पण सिलिकॉनमध्ये व्होल्ट कमी खर्ची पडत असल्यामुळे बाहेर येणारा दाब वाढतो आणि रोहित्राचा मूळ हिशेबच चुकतो. शिवाय चार डायोडांच्या ब्रिजमध्ये प्रवाहाला प्रत्येक वेळी दोन डायोडांतून जावे लागते. प्रत्येकात सुमारे एक व्होल्ट जातो, म्हणजे ८० अँपिअरला १६० वॅट निव्वळ उष्णतेत. मध्यभागी टॅप असलेली दुय्यम गुंडाळी केली तर एकाच डायोडातून काम भागते आणि ही हानी निम्मी होते. तांबे अधिक लागते, ते काकांनी पत्करले. मला तो निर्णय सर्वस्वी योग्य वाटला.

रोहित्राच्या गाभ्याचा छेद ४५ चौरस सेंटिमीटर. पन्नास हर्ट्झला आणि एक टेस्लाच्या चुंबकीय घनतेला अशा गाभ्यावर एका व्होल्टला एक वेढा पडतो, म्हणून प्राथमिक गुंडाळीचे २३० वेढे तसेच राखून दुय्यम बाजूस बारा अधिक बारा वेढे घ्यावयाचे ठरले. वार्निशने एकमेकांस चिकटलेले स्टॅम्पिंग एकेक करून, न वाकविता, सोडविणे हेच मोठे जिकिरीचे काम होते. नंतर २५ चौरस मिलिमीटर छेदाच्या दोन तांब्याच्या पट्ट्या, कॉटन टेप लपेटून, एकत्रच गुंडाळल्या. दोन्ही अर्ध्यांची लांबी समान राहिली नाही तर गाभ्यात एका बाजूचे चुंबकत्व साचते, त्याचा हा बंदोबस्त. पहिल्या पट्टीचा शेवट दुसरीच्या आरंभाला जोडला की मध्याचा टॅप तयार होतो. बाहेरच्या दोन टोकांत २४ व्होल्ट मिळाले म्हणजे जोडणी बरोबर, शून्य मिळाले तर उलटी. वार्निश वाळविण्यासाठी सारा गोळा पेटलेल्या बल्बांच्या पेटीत ठेवला, कारण इथल्या हवेत खाडीचा दमटपणा आहे आणि कारखान्यांच्या बाजूने वारा आला की उघड्या तांब्यावर हिरवट थर धरावयास वेळ लागत नाही.

डायोड निवडले ते दीडशे अँपिअरचे, स्टडचे. त्यांचा स्टड हाच धन बाजू असल्यामुळे दोन्ही एकाच अॅल्युमिनियमच्या हीट सिंकवर, मध्ये अभ्रकाची चकती न घालता, थेट कसता आले. सबंध हीट सिंकच यंत्राचा धन ध्रुव झाला, आणि तो पेटीपासून बेकलाइटच्या ठोकळ्यांवर अलग उभा राहिला. बंद असलेल्या डायोडावर उलटा दाब येतो तो ३४ व्होल्टचा, तरी काकांनी ४०० व्होल्टचे डायोड घेतले; लाइनवरून येणाऱ्या आकस्मिक झटक्यांची दखल उपकेंद्रातल्या माणसाने घेतली नसती तरच नवल. प्रवाह सेकंदाला शंभर वेळा उसळतो, पण निकेलला ते चालते. क्रोमला चालले नसते. मात्र क्रोमच्या द्रावणातून उठणारे तुषार कर्करोगास कारण होतात, म्हणून ते काम काका घरात घेतच नाहीत.

सर्वाधिक वेळ घेतला जोडांनी, आणि तो सार्थकी लागला. एखाद्या बोल्टखाली एक मिलिओहमचा रोध राहिला तर ८० अँपिअरला तिथे ८० मिलिव्होल्ट पडतात आणि साडेसहा वॅटच्या आसपास उष्णता होते. दहा मिलिओहम राहिला तर चौसष्ट वॅट, म्हणजे एका मोठ्या सोल्डरिंग आयर्नची धग एका बोल्टाखाली. त्या धगीने तांबे काळवंडते, काळवंडल्याने रोध आणखी वाढतो. म्हणून प्रत्येक लग कानशीने सपाट केला, कथिलाचा हात दिला, स्प्रिंग वॉशर घालून कसला.

"घाई नको. आधी सिरीजमध्ये घेऊ," असे म्हणून काकांनी पहिला प्रवाह दोनशे वॅटच्या बल्बमधून सोडला, बल्ब क्षणभर उजळून मंदावला, तेव्हा आत शॉर्ट नसल्याची खातरजमा झाली. मग मोटारीच्या हेडलाइटचे दिवे समांतर जोडून भार वाढवीत नेला. शंभर अँपिअरला ७५ मिलिव्होल्ट देणाऱ्या शंटवर ६० मिलिव्होल्ट आले, म्हणजे ८० अँपिअर पुरे झाले, आणि त्याच भारावर आम्ही एकेक जोड मीटरने तपासला. बहुतेक ठिकाणी वीस मिलिव्होल्टच्या आत. मध्याच्या टॅपवर नव्वद. उघडून पाहिले तर लगखाली वार्निशचा पातळ पापुद्रा राहिला होता. तो खरवडून पुन्हा कसल्यावर आकडा चौदावर आला. फ्यूजच्या जुन्या बेसवर मात्र अद्याप शंभरावर मिलिव्होल्ट पडतात. तो बदलण्याची तजवीज काकांनी केली आहे, आणि तोवर यंत्र साठ अँपिअरच्या वर न्यावयाचे नाही असे ठरले आहे.