पदवी नाही, पण हातात कसब आहे

परदेशातली नोकरी म्हणजे इंजिनिअरची, डॉक्टरची, असा समज आपल्याकडे पक्का आहे. पदवी नसेल तर एजंटाच्या भरवशावर आखाताची वाट धरायची, ही त्याच समजाची दुसरी बाजू. गेली काही वर्षे मी निरनिराळ्या देशांचे व्हिसाचे नियम वाचत आलो आहे. पदवी माझ्याकडेही नाही, त्यामुळे हे कुतूहल थोडे घरचेच. या वाचनातून एक गोष्ट ध्यानात आली. कित्येक देश पदवीवाचूनही कामाचा व्हिसा देतात, मात्र कसबाचा कागदी पुरावा मागतात. आपला कामगार अडतो तो तिथे.

पहिला अडसर आपल्याच पासपोर्टात असतो. १९८३च्या उत्प्रवास कायद्यानुसार दहावी उत्तीर्ण नसलेल्यांचा पासपोर्ट सामान्यतः 'ईसीआर' प्रकारचा असतो. असा पासपोर्ट घेऊन आखाती देशांसह ठरावीक १८ देशांत कामासाठी जायचे, तर आधी सरकारी परवानगी लागते. ही कटकट नको म्हणून काही जण पर्यटक व्हिसावर निघतात. पण त्या परवानगीच्या वेळी नोकरीचा करार तपासला जातो, त्याची नोंद राहते. पर्यटक म्हणून गेलेल्याचा पगार थकला, तर दाद मागायला त्याच्या हाती काहीच नसते.

जपानची पद्धत सर्वांत सरळ. एप्रिल २०१९पासून तिथे 'विशिष्ट कौशल्य कामगार' हा व्हिसा मिळतो. वृद्धांची शुश्रूषा, शेती, बांधकाम, हॉटेल, जहाजबांधणी अशा क्षेत्रांसाठी तो आहे. जानेवारी २०२१मध्ये भारताने त्यासाठी जपानशी करार केला. शिक्षणाची अट नाही. त्या कामाची कौशल्य चाचणी आणि जपानी भाषेची एन-४ किंवा तत्सम परीक्षा द्यावी लागते. पहिल्या प्रकारात एकूण पाच वर्षे राहता येते, पण कुटुंब नेता येत नाही. दुसऱ्या, वरच्या प्रकारात पत्नी-मुलांना नेता येते.

जर्मनीचे गणित अधिक गुंतागुंतीचे आहे. तिथला कुशल कामगारांचा कायदा २०२० साली लागू झाला आणि २०२३मध्ये तो बराच सैल केला गेला. संगणक क्षेत्रात गेल्या सात वर्षांत किमान तीन वर्षांचा योग्य दर्जाचा अनुभव असेल, तर पदवीविनाही 'ब्लू कार्ड' मिळू शकते. इतर बहुतेक व्यवसायांसाठी मार्च २०२४पासून नवी वाट खुली झाली. गेल्या पाच वर्षांत दोन वर्षांचा अनुभव, ठरावीक किमान पगाराची नोकरी, आणि मायदेशी सरकारमान्य असलेले किमान दोन वर्षांचे प्रशिक्षण. जून २०२४मध्ये आलेल्या, तिथे जाऊन नोकरी शोधू देणाऱ्या 'संधी कार्डा'लाही पदवी नसल्यास दोन वर्षांचे प्रशिक्षण लागतेच.

ही दोन वर्षे आपल्याकडे फार महत्त्वाची ठरतात. आयटीआयमध्ये फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे, तर वेल्डरचा एक वर्षाचा. आमच्या भागातला एक वेल्डर कागदपत्रे घेऊन माझ्याकडे आला होता. बारा वर्षांचा अनुभव आणि हात असा, की जोड दिसू नये. पण प्रशिक्षण एक वर्षाचे, पगार रोखीने, नेमणूकपत्र कधी मिळालेच नाही. त्याची बारा वर्षे कागदावर कुठेच नव्हती. काही दिवसांच्या कौशल्यवर्गाचे प्रमाणपत्र या दोन वर्षांची जागा घेऊ शकत नाही, हे मला त्याला सांगावे लागले. जर्मनीत नव्याने उमेदवारी करायची, तर साधारणपणे बी-१ पातळीची जर्मन हवी आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा विद्यावेतनावर जगायची तयारी. तो गप्प बसला. मग म्हणाला, "पोरगा यंदा आयटीआयला जाणार आहे. वेल्डरच घेणार होता."

एजंटांबद्दलही सांगायला हवे. भारतात परवानाधारक भरती एजंट कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेऊ शकतो, तेही पावती देऊन. त्याचा परवाना खरा की खोटा, हे सरकारच्या 'ई-मायग्रेट' संकेतस्थळावर पाहता येते. लाखांच्या गोष्टी करणाऱ्याला आधी एवढेच दोन प्रश्न विचारावेत.

फेब्रुवारी २०२४मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला. असे करार उद्या आणखी होतील. त्यांचा लाभ घ्यायचा, तर तयारी आजपासून हवी. पगार बँकेत घ्यावा, नेमणूकपत्र आणि अनुभवाचा दाखला मागून घ्यावा, भविष्य निर्वाह निधीची नोंद तपासावी. मालक दाखला द्यायला कुरकुर करतो, म्हणून आपण मागायचे सोडतो. त्या संकोचाची किंमत पुढे दूतावासाच्या खिडकीशी मोजावी लागते.

त्या वेल्डरच्या मुलाने फिटरला प्रवेश घेतला आहे.