भ्रष्टाचाराचा तपास आणि पोलिसांचे मनोधैर्य

पोलीस दलातील भ्रष्टाचाराचा तपास बहुतांशी पोलिसांनाच करावा लागतो. त्यामुळे असा तपास कठोर असण्याबरोबरच निष्पक्ष असणेही आवश्यक ठरते. छत्तीसगडची राजधानी रायपूर येथील एका प्रकरणाने हा प्रश्न ठळकपणे पुढे आणला.

भारतीय पोलीस सेवेच्या १९९४ च्या तुकडीतील जी. पी. सिंह यांनी राज्याच्या लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचे प्रमुखपद भूषविले होते. जुलै २०२१ मध्ये त्याच विभागाने त्यांच्याशी संबंधित ठिकाणांवर छापे घालून बेहिशेबी मालमत्तेचा गुन्हा नोंदविला. पाठोपाठ राजद्रोहाचा गुन्हाही दाखल झाला. जानेवारी २०२२ मध्ये त्यांना अटक झाली आणि जुलै २०२३ मध्ये सक्तीने निवृत्त करण्यात आले. मात्र एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणाने त्यांना पुन्हा सेवेत घेण्याचा आदेश दिला. नोव्हेंबरमध्ये छत्तीसगड उच्च न्यायालयाने खंडणीच्या प्रकरणासह त्यांच्यावरील तिन्ही गुन्हे रद्द केले आणि डिसेंबरमध्ये ते सेवेत परतले.

निराधार गुन्ह्यामुळे संबंधित अधिकाऱ्याबरोबरच त्याच्या खात्याचीही अपरिमित हानी होते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्येच सिराजुद्दीन खटल्यात बजावले होते. २०१३ च्या ललिता कुमारी निकालाने भ्रष्टाचाराच्या प्रकरणांत गुन्हा नोंदविण्यापूर्वी प्राथमिक चौकशीस मुभा दिली. तथापि, अशी चौकशी प्रत्येक वेळी सक्तीची नाही, असे न्यायालयाने २०२१ मध्ये स्पष्ट केले.

भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये समाविष्ट झालेल्या कलम १७ अ नुसार, लोकसेवकाने पदावर असताना घेतलेल्या निर्णयाबाबत चौकशी करण्यासाठी पूर्वपरवानगी लागते. लाच घेताना रंगेहाथ पकडण्यास मात्र हे बंधन नाही. निलंबनालाही मर्यादा आहे. आरोपपत्र दिले नसल्यास ते तीन महिन्यांपुढे लांबू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये म्हटले आहे.

या तरतुदी भ्रष्ट अधिकाऱ्याची ढाल ठरू नयेत, ही दक्षता परवानगी देणाऱ्या शासनाने घ्यावयाची आहे. पुराव्याची आधी खातरजमा झाली, तर दोषी व्यक्ती न्यायालयात सुटत नाही आणि निर्दोष व्यक्तीची वर्षे वाया जात नाहीत. रायपूरच्या प्रकरणात छाप्यांपासून सेवेत परतण्यापर्यंत सुमारे साडेतीन वर्षे गेली. कारवाई पुराव्यावरच होते, हा विश्वास दलात असेल, तरच प्रामाणिक पोलीस निर्भयपणे काम करू शकतो.