बळ वाढले, पण कोणाचे?
ऑनलाइन गेममधील लेव्हल, शक्ती आणि समतोलाचे गणित

मार्च २०१७ मधील गोष्ट. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या जगभर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन गेममध्ये ७.२ क्रमांकाची सुधारणा दाखल झाली आणि लवकरच खेळाडूंच्या लक्षात एक विचित्र प्रकार आला. महिनोन्महिने खपून मिळवलेले चिलखत आणि शस्त्रे अंगावर चढवली की रस्त्यावरचा किरकोळ शत्रूही अधिक चिवट होत होता. आणि तीच सामग्री उतरवून ठेवली की त्याची ताकदही उतरत होती. म्हणजे खेळाडू जितका बलवान, तितका त्याचा शत्रूही बलवान! मग इतके दिवस मेहनत केली ती कशासाठी, असा प्रश्न खेळाडूंनी विचारला नसता तरच नवल.

हा बिघाड नव्हता. ब्लिझार्ड कंपनीने तो बदल जाणूनबुजून केला होता. मात्र त्याची आगाऊ वाच्यता केली नव्हती. खेळाडूंचा संताप उसळल्यावर कंपनीला खुलासा करावा लागला आणि या वाढीचे प्रमाणही कमी करावे लागले. बाहेरच्या माणसाला हा वाद पोरखेळ वाटेल. परंतु लक्षावधी माणसे ज्यासाठी आपला वेळ आणि पैसा खर्च करतात, त्या श्रमाचे मोल कसे ठरवायचे, हा प्रश्न त्याच्या मुळाशी आहे. म्हणूनच तो समजून घेण्याजोगा आहे.

लेव्हल आली कोठून?

पात्राच्या ताकदीला आकड्यांत मोजण्याची कल्पना संगणकाच्याही आधीची. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायचा खेळ प्रसिद्ध केला. पराक्रम केला की अनुभवाचे गुण मिळायचे, ठराविक गुण साठले की पात्राची लेव्हल म्हणजे पायरी एकने वाढायची आणि त्याबरोबर अंगात अधिक बळ यायचे. १९७८ मध्ये इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांनी अनेकांनी एकाच वेळी खेळायच्या मजकुरी गेमचा पाया घातला. पुढे १९९९ मध्ये ‘एव्हरक्वेस्ट’ आणि नोव्हेंबर २००४ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ अशी ही परंपरा घरोघरच्या संगणकावर पोहोचली.

या साऱ्यांत सूत्र एकच. तालमीत नवा आलेला पोरगा पहिल्याच दिवशी वस्तादाशी कुस्ती धरत नाही. आधी जोर-बैठका, मग जोडीदार, मग फड. गेममध्येही तसेच. आज ज्या रानडुकराने दमवले, त्याला महिन्याभराने एका फटक्यात लोळवता आले पाहिजे. आपण वाढलो याची साक्ष तो देत असतो. ही साक्ष नसेल तर लेव्हल हा पडद्याच्या कोपऱ्यातला निव्वळ आकडा उरतो.

चक्रवाढीचे संकट

अडचण अशी की ही वाढ बहुधा चक्रवाढ व्याजासारखी होते. समजा, दर लेव्हलला ताकद १० टक्क्यांनी वाढते. वरवर पाहता हे प्रमाण माफक आहे. पण ६० पायऱ्या चढल्यावर ती सुमारे ३०० पट होते, ८० पायऱ्यांनंतर सुमारे २००० पट आणि १२० पायऱ्यांनंतर ९२ हजार पटींच्या पुढे जाते!

‘वॉरक्राफ्ट’च्या बाबतीत हेच घडत गेले. २००४ मध्ये कमाल लेव्हल ६० होती. नवी आवृत्ती काढायची म्हणजे जुन्या खेळाडूला चढायला नव्या पायऱ्या द्यायच्या, हा शिरस्ता पडला. २००७ मध्ये ७०, २००८ मध्ये ८०, २०१० मध्ये ८५, २०१२ मध्ये ९०. त्यातच उत्तम शस्त्रसामग्रीमुळे मिळणारी भर वेगळी. सुरुवातीला काही हजारांत असलेले आकडे बघता बघता लाखांत गेले आणि बड्या शत्रूंच्या हेल्थचे, म्हणजे प्राणबळाचे, आकडे कोटींत पोहोचले.

येथे संगणकाचीही एक मर्यादा आडवी येते. पूर्णांक साठवण्यासाठी ३२ बिटांची जागा ठेवली आणि त्यात ऋण संख्यांचीही सोय केली, तर त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ एवढी असते. त्यापलीकडे हिशेब कोलमडतो. आणि माणसाच्या डोळ्यांची मर्यादा त्याहून अलीकडची. सात-आठ आकडी संख्या पडद्यावर भराभर उडू लागल्या की त्यांतील लहानमोठे काहीच कळेनासे होते.

शून्ये कापण्याचा उपाय

तुर्कस्तानने १ जानेवारी २००५ रोजी आपल्या चलनातील सहा शून्ये कापली. दहा लाख जुन्या लिरांचा एक नवा लिरा झाला. कोणी गरीब झाले नाही, कोणी श्रीमंत झाले नाही. हिशेब मात्र सुटसुटीत झाला. ब्लिझार्डने ऑक्टोबर २०१४ मध्ये नेमके हेच केले. खेळाडू आणि शत्रू या दोघांचेही आकडे एकाच वेळी दाबून लहान केले. गेमच्या परिभाषेत याला ‘स्टॅट स्क्विश’ म्हणतात. २०१८ मध्ये तो पुन्हा करावा लागला. २०२० मध्ये तर खुद्द लेव्हलच आक्रसली. १२० व्या पायरीवर पोहोचलेले पात्र एका सुधारणेसरशी ५० व्या पायरीवर आले आणि नव्या आवृत्तीची कमाल मर्यादा पुन्हा ६० झाली. म्हणजे १६ वर्षांनी मूळचाच आकडा! त्यानंतर चढण पुन्हा सुरू झाली. २०२२ मध्ये ७० आणि २०२४ मध्ये ८०.

हिशेबाने काहीही न बदलले तरी मनाचा हिशेब वेगळा असतो. शंभराची नोट देऊन दहाची हाती घेताना, किंमत तीच आहे असे कितीही सांगितले तरी माणूस चरफडतोच.

दोन मित्रांची अडचण

चक्रवाढीचा दुसरा फटका बसतो तो मैत्रीला. ऑनलाइन गेम हा सोबतीने खेळायचा. पण एक मित्र ६० व्या पायरीवर आणि दुसरा कालच दाखल झालेला असेल, तर दोघांनी एकत्र खेळायचे कसे? थोरल्याच्या प्रदेशात धाकटा क्षणभर टिकत नाही आणि धाकट्याच्या प्रदेशात थोरल्याला करण्यासारखे काही उरत नाही.

यावर पहिली ठळक तोड २००४ मधील ‘सिटी ऑफ हीरोज’ने काढली. थोरल्याने धाकट्याला हाताशी धरायचे आणि तो जवळ असेपर्यंत धाकट्याची लेव्हल थोरल्याच्या जवळपास उचलली जायची. ऑगस्ट २०१२ मधील ‘गिल्ड वॉर्स २’ने उलटी दिशा धरली. तेथे थोरला खेळाडू नवशिक्यांच्या प्रदेशात शिरला की त्याची ताकद त्या प्रदेशाला साजेल इतकी खाली आणली जाते. त्याचे शिकलेले डावपेच आणि चांगली शस्त्रे यांचा लाभ मात्र राहतो. या गेमने आणखी एक पथ्य पाळले आहे. इतक्या आवृत्त्या निघूनही कमाल लेव्हल ८० च ठेवली आहे. नवी आवृत्ती खेळाडूला उंच नव्हे, तर रुंद करते. नवी कौशल्ये, नवी वाहने, नवे प्रदेश.

जगच मोठे होते तेव्हा

तिसरा मार्ग सर्वांत वादग्रस्त. खेळाडूची पातळी तीच जगाची पातळी, असा तो मार्ग. २००६ मधील ‘ऑब्लिव्हियन’ हा एकट्याने खेळायचा गेम यासाठी आजही उदाहरण म्हणून सांगितला जातो. नायक बलवान होत गेला की वाटेवरचे भुरटे दरोडेखोरही अतिशय मौल्यवान चिलखत घालून फिरू लागत. ज्याच्या अंगावर राजाच्या खजिन्याइतका ऐवज आहे, त्याने वाटसरूकडे किरकोळ खंडणी का मागावी, याला उत्तर नव्हते. गणित जुळले होते, गोष्ट मात्र तुटली होती.

तरीही ही पद्धत सर्वस्वी टाकाऊ नाही. ‘द एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ने ऑक्टोबर २०१६ मध्ये जवळजवळ संपूर्ण जग एकाच पातळीवर आणले. कोणीही कोठेही जावे, कोणाबरोबरही खेळावे. ‘वॉरक्राफ्ट’ने जानेवारी २०१८ मध्ये जुन्या प्रदेशांसाठी मधला मार्ग घेतला. प्रत्येक प्रदेशाला एकच पातळी न देता १० ते ६० किंवा ६० ते ८० अशी कक्षा दिली. त्या कक्षेत शत्रू खेळाडूबरोबर वाढतो. कक्षा ओलांडली की तो मागे राहतो आणि खेळाडूला आपली वाढ पुन्हा दिसू लागते.

समतोल म्हणजे काय?

या दोन दशकांच्या अनुभवातून काही गोष्टी स्पष्ट होतात. शत्रूने खेळाडूच्या लेव्हलबरोबर वाढणे बहुतेकांना चालते. पण त्याने खेळाडूच्या शस्त्रांबरोबरही वाढावे हे खपत नाही. कारण लेव्हल ही वाटचाल आहे, तर शस्त्र ही कमाई आहे. दुसरे असे की केवळ आकडा वाढण्यापेक्षा नवे कौशल्य हाती येणे ही अधिक टिकाऊ वाढ असते. दहावरून वीस झालेला घाव शत्रूची हेल्थ दुप्पट करून निष्प्रभ करता येतो; पण नव्याने शिकलेला डाव कोणी हिरावून घेऊ शकत नाही. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, नियम काय आहेत हे खेळाडूला ठाऊक असले पाहिजे. २०१७ चा क्षोभ वाढलेल्या आकड्यांइतकाच न सांगितलेल्या नियमाविरुद्धही होता.

याला व्यवहाराचीही एक बाजू आहे. २०१४ पासून ब्लिझार्डने पात्र थेट ९० व्या लेव्हलवर नेऊन ठेवण्याची सोय ६० डॉलरना विकायला काढली. वेळ नसलेल्या प्रौढ खेळाडूला ती सोयीची वाटली असेलही. परंतु चढण किती दमवणारी असावी हे ठरवणारा आणि वर जायची शिडी विकणारा एकच असेल, तर ग्राहकाने डोळे उघडे ठेवलेले बरे. मोबाइलवरच्या फुकट म्हणवणाऱ्या अनेक गेममध्ये हीच शिडी लहान लहान तुकड्यांत विकली जाते.

तेव्हा घरातले कोणी ‘लेव्हल वाढली’ म्हणून हरखून आले, तर ‘किती वाढली’ हे विचारून थांबू नये. ‘आता असे काय जमते, जे काल जमत नव्हते?’ हेही विचारावे. त्याला सांगण्यासारखे काही असेल, तर तो गेम बरा जुळवलेला आहे. आणि तो केवळ एक मोठा आकडा सांगू लागला, तर समजावे की बळ त्याचे वाढलेले नाही, फक्त शून्ये वाढली आहेत.