शिकारीच्या परवान्याचे गणित

मीरा-भाईंदर शहराची पूर्वेकडची हद्द संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या जंगलाला भिडलेली आहे. काशीमिरा, चेणे, घोडबंदर या बाजूला बिबट्या दिसल्याची बातमी आली की वर्गात एक प्रश्न हमखास निघतो : शिकाऱ्यांना मोजके परवाने देऊन बिबट्यांची संख्या कमी का करत नाहीत?

मोजके परवाने देण्याची पद्धत काही देशांत आहे. अमेरिकेतील अनेक राज्यांत मूस, एल्क अशा मोठ्या प्राण्यांच्या शिकारीसाठी अर्ज मागवतात आणि सोडत काढतात. प्राण्यांची संख्या किती, दरवर्षी पिलांची भर किती व मृत्यू किती, यांवरून परवान्यांचा आकडा ठरतो. मुद्दलाला हात न लावता फक्त व्याज काढावे, तसे हे गणित आहे.

आपल्याकडेही १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यात मोठ्या शिकारीचा परवाना होता. सांबर, चितळ, नीलगाय हे प्राणी त्याच्या यादीत होते. १९९१ च्या दुरुस्तीने असे परवाने बंद झाले. आता उरला आहे तो अपवाद. बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो माणसाच्या जिवाला धोकादायक ठरला, किंवा बरा न होण्याइतका जखमी वा आजारी असला, तरच राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक कारणे नमूद करून लेखी आदेश देऊ शकतात. त्याला पकडणे, बेशुद्ध करणे किंवा दुसरीकडे हलवणे शक्य नाही, अशी खात्री झाल्याखेरीज ठार मारण्याचा आदेश देता येत नाही. मारलेला प्राणी सरकारची मालमत्ता ठरतो. शिकाऱ्याला कातडेही मिळत नाही.

आता गणित करून पाहू. प्रत्येक बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची रचना वेगळी असते. त्यामुळे छायाचित्रांवरून बिबटे ओळखता व मोजता येतात. २०१५ साली उद्यान व लगतच्या परिसरात असे ३५ बिबटे मोजले गेले. त्यांतले दोन मारले तर जवळजवळ सहा टक्के संख्या घटते. मादी एका वेळी साधारण दोन-तीन पिले देते आणि दीड-दोन वर्षे त्यांना सांभाळते. म्हणजे येथे व्याजाचा दर फार नाही.

पण संख्या घटली म्हणजे धोका घटला, असे होते का? जुन्नर परिसरातील अनुभव बोलका आहे. १९९३ ते २००१ या काळात तेथे माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. २००१ मध्ये बिबटे पकडून इतरत्र सोडणे सुरू झाले आणि ही सरासरी सतरावर गेली. विद्या अत्रेय व सहकाऱ्यांच्या अभ्यासातील हे आकडे आहेत. बिबट्या आपले क्षेत्र राखून असतो. जाणता प्राणी काढला की रिकाम्या जागेत दुसरा येतो, आणि त्याला तेथील माणसांच्या येण्याजाण्याच्या वेळा ठाऊक नसतात.

बिबट्या वस्तीकडे येतो तो बहुधा कुत्र्यांमागे, आणि कुत्री जमतात कचऱ्यावर. शाळेजवळचे उघडे कचऱ्याचे ढीग, तेथील कुत्री आणि अंधाऱ्या वाटा यांची नोंद विद्यार्थ्यांकडून महिनाभर करून घ्यावी व ती नकाशावर मांडावी. ही नोंद जोडून कचरा उचलण्यासाठी व दिव्यांसाठी महापालिकेकडे अर्ज करता येतो. मुलांच्या जिवाच्या दृष्टीने शिकारीच्या परवान्यापेक्षा हा अर्ज अधिक उपयोगाचा आहे.