शरीरातले पाणी मोजणारे मीठ

लातूरच्या बाजारात सोयाबीन घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. भाव ठरण्याआधी मालातला ओलावा पाहिला जातो. हमीभावाच्या खरेदीत एरवी तो शंभरात १२ च्या वर चालत नाही. कारण ओल्या मालाचे वजन भरते खरे, पण ते दाण्याचे नसते, पाण्याचे असते. आता हीच गोष्ट माणसाला लावून पाहा. आपले वजन ७० किलो भरले, म्हणजे त्यात मांस किती, चरबी किती आणि पाणी किती? काटा याचे उत्तर देत नाही.

मग जिवंत माणसातले पाणी मोजायचे कसे? युक्ती अगदी घरगुती आहे. रांजणात पाणी किती आहे ते ठाऊक नाही, असे समजा. त्यात ६० ग्रॅम मीठ टाकले, चांगले ढवळले आणि एक लिटर पाणी काढून तपासले. त्यात ४ ग्रॅम मीठ निघाले, तर रांजणात १५ लिटर पाणी आहे, हे पोरसुद्धा सांगेल. शास्त्रज्ञांनी नेमके हेच केले. हेवेशी या शास्त्रज्ञाने १९३४ मध्ये जड पाणी पाजून शरीरातले एकूण पाणी मोजले. चरबीत पाणी फार थोडे असते. चरबी सोडून उरलेल्या शरीरात ते शंभरात सुमारे ७३ भाग असते. तेव्हा ७० किलोच्या माणसात ४२ लिटर पाणी निघाले, तर चरबी सुमारे साडेबारा किलो. तेवढ्याच वजनाच्या दुसऱ्यात ३५ लिटरच निघाले, तर चरबी सुमारे २२ किलो! काट्यावर मात्र दोघे सारखेच.

पण या हिशेबात एक मेख आहे. शरीरातले सगळे पाणी एका रांजणात नसते. मोठा वाटा पेशींच्या आत असतो, उरलेला पेशींच्या बाहेर, म्हणजे रक्तात आणि पेशींमधल्या फटींत. अंगावर सूज आली की हे बाहेरचे पाणी वाढते, आणि वरचा हिशेब त्या पाण्यालाच मांस समजून बसतो. लठ्ठ माणसातही पेशींबाहेरच्या पाण्याचा वाटा जास्त असतो, कारण चरबीच्या थरात जे थोडे पाणी असते ते बहुतेक पेशींच्या बाहेरच असते. म्हणून हे बाहेरचे पाणी वेगळे मोजणे भाग पडते.

इथे ब्रोमाइड कामाला येते. ब्रोमीनचा शोध बालार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८२६ मध्ये खाऱ्या पाण्यातून लावला. ब्रोमाइड हे आपल्या मिठातल्या क्लोराइडचे सख्खे भावंड. मिठासारखेच तेही बहुतांशी पेशींच्या बाहेर राहते. १९३९ मध्ये ब्रोडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा उपयोग बाहेरचे पाणी मोजण्यासाठी दाखवला. आधी थोडे रक्त घ्यायचे, कारण अन्नातून आलेले किंचित ब्रोमाइड अंगात असतेच. मग मोजून ब्रोमाइड पाजायचे, तीन-चार तास थांबायचे आणि पुन्हा रक्त तपासायचे. काही ब्रोमाइड तांबड्या पेशींत शिरते, म्हणून उत्तरातून सुमारे दहावा हिस्सा वजा करतात. एकूण पाण्यातून हे बाहेरचे पाणी वजा केले की पेशींच्या आतले पाणी कळते, आणि अंगात खरा जिवंत ऐवज किती, याचा अंदाज येतो.

मात्र एक सांगून ठेवतो: ब्रोमाइड हे लठ्ठपणावरचे औषध नव्हे. ते केवळ मोजण्याचे माप. एकोणिसाव्या शतकात ते फेफऱ्यावर आणि झोपेसाठी सर्रास देत. शरीरातून निम्मे जायलाच बारा-एक दिवस लागत, त्यामुळे ते साचत जाई आणि माणसाला भ्रम होई.

या साऱ्याचा आपल्याशी काय संबंध, असे तुम्ही विचाराल. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण आपल्या बाळांत कमी होते ते मांस. पाठीच्या कातडीखालची चरबी त्या मानाने टिकून होती. पुढे २००४ मध्ये डॉ. याज्ञिक आणि डॉ. युडकिन या इंग्रज मित्राचा जोडफोटो छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन सारखे. पण क्ष-किरणांच्या यंत्राने मोजलेली चरबी युडकिन यांच्यात शंभरात ९.१ आणि याज्ञिकांच्यात २१.२! आपल्याकडे बारीक दिसणाऱ्याला मधुमेह होतो, त्याचे एक कारण इथे सापडते.

तेव्हा "मी तर काटकुळा, मला कसली साखर!" असे म्हणू नका. घरी ब्रोमाइड लागत नाही, शिंप्याची टेप पुरते. कंबर पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या आणि बाईची ८० च्या वर गेली, तर रक्तातली साखर तपासून घ्या. आणि अशक्त मूल अचानक वजनाला भरले, तर लगेच खूश होऊ नका. त्याच्या दोन्ही पावलांवर अंगठा तीनेक सेकंद दाबून धरा. खळगा तसाच राहिला, तर ते मांस नव्हे, पाणी आहे. त्याला त्याच दिवशी दवाखान्यात न्या.